मुक्कामी गाडीच्या टपावर

साडेपाचला मी परसात कोंबड्या डालायला गेले, तेव्हा सातही कोंबड्या डालग्यापाशी आपण होऊन येऊन थांबल्या होत्या. एरवी त्यांच्यामागं पळून माझा जीव मेटाकुटीला येतो. लग्नाला सहा महिने झाले. सासरच्या माणसांपेक्षा सासरच्या कोंबड्या मला आधी कळायला लागल्या असं मी मनात म्हणते, तोंडानं म्हणत नाही. त्यामुळं काहीतरी बिघडलंय हे लगेच लक्षात आलं. एकीचाही आवाज नव्हता. माना आत ओढून, एकमेकींच्या पोटाखाली शिरून सातजणी वर बघत होत्या.

मीही वर बघितलं.

सावरीच्या उघड्या पडत चाललेल्या फांदीवर एक मोठं पाखरू बसलं होतं. घार म्हणावी तर घारीपेक्षा थोराड. छातीवर तपकिरी फराटे, पायांवर पार पंजापर्यंत पिसं, आणि डोक्यावर बोटभर लांब काळा तुरा, फेटा सुटत आल्यासारखा मागं कललेला. मी डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला, दगड मुद्दाम वाजवला. पाखरू हललं नाही. कोंबड्यांशी त्याला काही घेणंदेणंच नव्हतं. ते मान वळवून ओटीकडं बघत होतं, आणि ओटीवर आबा एकटेच सुपारी कातरत बसले होते.

कोंडिबा आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. एस.टी.त कंडक्टर होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. मागंपुढं कुणी नाही, म्हणून आमच्यातच असतात. आमच्या विंझरमध्ये कुणी विचारलं, आबा, किती वाजता आलात, तर ते 'सकाळी' म्हणत नाहीत, 'आठ बावीसला' म्हणतात. त्यांचा नंबर कोरलेला पितळेचा बिल्ला देवळीच्या खाली खिळ्याला टांगलेला आहे. सासूबाईंनी आल्या आल्या मला कामं वाटून दिली, त्यात देवांबरोबर तो बिल्लाही चिंचेनं घासायचं काम आलं. देव पाच आणि बिल्ला सहावा. आबांनी कधी घास म्हटलं नाही आणि नको घासूस असंही म्हटलं नाही.

रात्री जेवताना मी पाखराचं सांगितलं. प्रेरणा, माझी नणंद, कॉलेजात आहे. तिनं लगेच मोबाईलवर फोटो शोधून पुढं केला.

"ही का वहिनी? मोरघार. कोंबड्या उचलती म्हणे."

"हीच. पण उचलली नाही एकपण."

"तुझ्याकडं बघून पोट भरलं आसंल," आमचे हे म्हणाले. ह्यांचं नाव अमृत. विनोद मात्र असे.

आबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तोंड कुनीकडं हुतं तिचं?"

"घराकडं," मी म्हटलं. मग खरं ते सांगितलं. "तुमच्याकडं, आबा."

आबांनी हातातला तुकडा परत ताटात ठेवला. आज तारीख किती, म्हणून विचारलं. अठ्ठावीस नोव्हेंबर, शुक्रवार. ते मान हलवत राहिले, जसं काही तारीख त्यांनीच लावून दिली होती आणि ती वेळेवर आली होती. आठ दहाला लाईट गेली. सासू-सासरे आत जाऊन पडले. ओटीवर आम्ही तिघं आणि आबा राहिलो. अंधारात आडकित्त्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"भिमा म्हनून एक कंडक्टर हुता," आबा म्हणाले. "माझ्याच डेपोचा. त्याची गोष्ट सांगतो. मधी बोलायचं न्हाई."

*

भिमा सहा वर्षं भोर-हिर्डोशी मुक्कामी गाडीवर होता. संध्याकाळी पाच पंचेचाळीसला भोर सोडायचं, धरणाच्या पाण्याच्या कडंकडंनं वर जायचं, सात दहाला हिर्डोशी. गाडी रात्रभर तिथंच देवळापुढं उभी. सकाळी सहाला परत. ड्रायव्हर देवळात झोपायचा, भिमा गाडीत.

मुक्कामाच्या माणसाला गाव जेवायला घालतं. भिमाची भाकरी ज्ञानूच्या घरी होती. ज्ञानू म्हणजे गावातला वजनदार माणूस, भावकीत त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. पण भाकरी करायची ती त्याची आई, अंबूबाई. नाचणीची भाकरी, वर तेलाची धार. सहा वर्षं भिमानं तिच्या हातचं खाल्लं. बदल्यात तो तिला भोरहून तपकिरीची डबी आणून द्यायचा.

अंबूबाईला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. काही विचारलं की ती मान अशी डावीकडून पुढं काढायची आणि एका डोळ्यानं माणसाच्या तोंडाकडं बघत राहायची. रोज संध्याकाळी ती काठी टेकत थांब्यावर यायची. माणसं उतरून संपली, की दारात उभ्या राहिलेल्या भिमाला विचारायची,

"कंडक्टर, माझी रत्ना उतरली का रं?"

रत्ना तिची धाकटी लेक. गोष्टीच्या नऊ वर्षं आधी तिनं शिरवळच्या कंपनीतल्या एका पोराशी लग्न केलं. पोरगा आपल्यातला नव्हता. ज्ञानूनं भावकी बसवली आणि सांगितलं, आमची रत्ना मेली. तिच्या नावानं अंघोळ केली. आईनं पण करावी म्हणून तिच्या डोक्यावर तांब्या ओतला. म्हातारीनं डोकं पुसलं, आणि दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर यायला लागली.

"नऊ वर्षं?" प्रेरणा म्हणाली.

"मधी बोलायचं न्हाई म्हनलं ना."

दोन हजार अठराच्या दिवाळीत अंबूबाई अंथरुणाला खिळली. मग एकच धोशा. रत्नाला बोलवा. गावात मोबाईलला रेंज नव्हती, वर खडकावर जावं लागे. ज्ञानू रोज सगळ्यांदेखत खडकावर चढायचा आणि उतरून आईच्या डाव्या कानात सांगायचा, "लागत न्हाई फोन." भिमा एकदा परसाकडला म्हणून त्याच बाजूला गेला होता. त्यानं बघितलं. ज्ञानू खडकावर बसून तंबाखू मळत होता. मोबाईल खिशातच होता. तंबाखू लावली, थुंकला, खाली उतरला. लागत न्हाई फोन.

"भिमानं सांगितलं का मग म्हातारीला?" आता ह्यांना राहवलं नाही.

"भाकरी खाऊन हात धुतला त्यानं," आबा म्हणाले.

रत्नाला कुणाकडून तरी कळलंच. बुधवार, अठ्ठावीस नोव्हेंबर. दुपारी ज्ञानूचा भिमाला फोन आला. तेव्हा बरोबर लागला. "ती भोरला येनार हाय असं कळलंय. आली तर सांग, गाडी रद्द हाय. रातीची दुसरी वडापची जीप पन न्हाई. माझ्या घरची भाकरी खातूस सा वर्सं. येवडं येक काम कर."

पाच वीसला ती स्टँडवर आली. पिवळा पंजाबी ड्रेस. हातात स्टीलचा डबा, कापडात बांधलेला. भिमाला ती ओळखत नव्हती. त्यानं ओळखलं. तोंडावळा तोच.

"दादा, हिर्डोशी कितीला लागंल?"

"रद्द हाय आज."

"आनि दुसरी?"

"सकाळी."

ती तिथंच बाकड्यावर बसली. डबा मांडीवर घेतला. शेजारच्या बाईला सांगत होती, आईला दात न्हाईत म्हणून शिरा केलाय, उद्यापर्यंत टिकंल का. भिमानं ड्रायव्हरला सांगून बाकीचे पॅसेंजर मागच्या बाजूलाच बसवून घेतले आणि गाडी मागच्या फाटकानं काढली. पाच पंचेचाळीसलाच काढली. एक मिनिट उशीर नाही.

भाकरीला गेला तेव्हा अंबूबाईनं खाटेवरनं मान काढली. आवाज उरला नव्हता. ओठ हलले तेवढे. उतरली का रं…

"न्हाई, म्हातारे," भिमा म्हणाला.

"खोटं बोलला न्हाई तो," आबा आम्हाला म्हणाले. "उतरली न्हवतीच ना."

त्या रात्री दोन चाळीसला अंबूबाई गेली.

*

सकाळी गाडी सुटायच्या वेळेला भिमानं ते पाखरू पहिल्यांदा बघितलं. थांब्याजवळच्या उंबरावर. तुरा असलेलं. ज्या जागी म्हातारी उभी राहायची त्याच्या बरोबर वर. ज्ञानू म्हणाला, घार हाय. भिमालाही घारच वाटली. फक्त ती कोंबड्यांवर येत नव्हती, उंदरांवर येत नव्हती, नुसती बसून असायची. आणि दोन दिवसांत गावातले कावळे दिसेनासे झाले.

आता त्या भागात दहाव्याला कावळा शिवायला लागतो हे तुम्हाला सांगायला नको. पिंड ठेवायचा आणि लांब व्हायचं. कावळा येईना तर मेलेल्या माणसाचं काहीतरी मागं अडकलंय असं समजायचं. मग घरच्यांनी एकेक आठवून मोठ्यानं बोलायचं, हे करतो, ते सांभाळतो, काळजी करू नकोस. बरोबर ते बोललं की कावळा येतो.

दहावा शनिवारी आला, आठ डिसेंबरला. आदल्या दिवशी अमावस्या झालेली. त्या सकाळी मुक्कामी गाडी चालूच होईना. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, नुसतं टिक टिक. डेपोतनं निरोप आला, दुपारी बॅटरी येईल, आज राहा, उद्या सकाळची फेरी घेऊन या.

"म्हंजी त्या दिवशी गाडी खरंच रद्द झाली," आबा म्हणाले. आणि हसले. अंधारात नुसतं हसणं ऐकायला बरं वाटत नाही.

म्हणून भिमा दहाव्याला होता. धरणाच्या पाण्याच्या कडेला सगळी भावकी जमली होती. रत्ना नव्हती. दहावा कधी ते तिला कुणी कळवलंच नव्हतं. पिंड ठेवला, सगळे मागं सरकले. पलीकडच्या झाडावर ते पाखरू येऊन बसलेलं. कावळा काय, चिमणी नाही.

ज्ञानू पुढं झाला. "आये, तुझी शेरडं संबाळतो."

काही नाही.

"नातवाचं लगीन धूमधडाक्यात लावतो."

काही नाही. दहा वाजले. अकरा वाजले. शेरडांपासून सुरू झालेली यादी म्हातारीच्या तपकिरीपर्यंत आली. "रोज फोटोम्होरं तपकीर ठिवतो," ज्ञानू म्हणाला, तेव्हा मागची दोन पोरं हसली. ऊन चढलं. गुरुजी घड्याळाकडं बघायला लागले. शेवटी मागनं एक म्हातारी बाई बोलली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"रत्नीचं नाव घे की रं, ज्ञानू. लेकीला म्हायेर तोडत न्हाई म्हन. येवडंच हाय."

कुणी तिच्याकडं बघितलं नाही. सगळे पिंडाकडंच बघत होते. ज्ञानूनं खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि गुरुजींना म्हणाला, "दर्भाचा कावळा करा. उरकून घ्या."

गुरुजींनी गवताच्या काडीचा कावळा केला. पिंडाला लावला. शिवला म्हणाले. माणसं उठली, अंघोळी झाल्या, पानं वाढली.

पाखरू मात्र उठलं नाही.

प्रेरणा माझ्याकडं सरकली. माझ्या लक्षात आलं, आबांचा आवाज खाली गेलाय आणि पिंड ठेवल्यापासून त्यांनी एकदाही 'भिमा' म्हटलेलं नाही.

*

रात्र नऊ डिसेंबरची म्हणा, कारण बारा वाजून गेले होते. बारा पाचला गाडीचा पत्रा कुणीतरी वाजवला. ज्ञानू. घोंगडं पांघरलेला, पायात काही नाही.

"चल माझ्यासंगं."

"काय झालं?"

"चल."

त्याच्या घराच्या आढ्यावर ते बसलं होतं. चांदणं नव्हतं, पण आकाशापुढं दिसत होतं. तुरा दिसत होता. ही पाखरं दिवसाची. रात्री फांदी सोडत नाहीत. ते आढ्यावर बसून खाली दाराकडं बघत होतं.

ज्ञानूनं दगड उचलून मारला. लागला. दगड लागल्याचा आवाज झाला… गोधडीवर हात मारावा तसा. पाखरू उडालं नाही. त्यानं मान डावीकडनं पुढं काढली. एका डोळ्यानं ज्ञानूच्या तोंडाकडं बघितलं.

दोघांनी ओळखलं.

"काय पायजे तुला," ज्ञानू म्हणाला. "समदं केलं. काय ऱ्हायलं?"

मान तशीच. वाट बघत.

भिमा म्हणाला, "ज्ञानबा, बोल. आता हितं भावकी न्हाई. कुनी ऐकत न्हाई. दोन शब्द बोल आनि मोकळा हो."

ज्ञानूनं तोंड उघडलं. मिटलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आन तू बोल की. गाडी रद्द कुनी सांगितलं?"

मग त्या पाखरानं मान फिरवली. भिमाकडं.

आबांनी हातातला आडकित्ता खाली ठेवला. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. ह्यांनी खिशातली काडेपेटी नुसती हातात धरली होती.

"मग?" प्रेरणा म्हणाली.

"मग काय."

"बोलला का तो?"

"दोघं पुरुषमाणसं हुबी. म्होरं म्हातारी. नुसतं म्हनायचं हुतं, चुकलं…" आबांनी ओठावरनं हात फिरवला. "न्हाई. कुनीच न्हाई बोललं. पंधरा मिनिटं. मग ते उडालं. पंखांचा आवाज न्हाई. देवळाकडं गेलं. गाडीकडं."

भिमा परत आला तेव्हा एक दहा. गाडीच्या आजूबाजूला काही नव्हतं. त्यानं आत शिरून दार ओढलं, कडी घातली. तिकिटाचं मशीन पत्र्याच्या पेटीत होतं, पेटीला कुलूप, किल्ली करगोट्याला. पेटी सीटखाली सारली आणि घोंगडं डोक्यावरनं घेतलं.

दोन वाजले.

दोन वीस.

मग टपावर काहीतरी उतरलं. जड. गाडी इतकीशी हलली.

टक.

नख पत्र्यावर.

टक… टक.

चालत होतं. पुढनं, ड्रायव्हरच्या बाजूनं. एक पाऊल. थांबलं. एक पाऊल. काठी टेकत चालावं तसं. प्रत्येक सीटवर थांबत होतं. जसं काही कुणी बसलंय का बघत…

मागं मागं आलं.

"माझ्या डोक्यावर…" आबा म्हणाले. थांबले. "त्याच्या डोक्यावर येऊन थांबलं."

प्रेरणानं पाय जवळ ओढून घेतले.

मग घंटी वाजली. कंडक्टरची दोरी असते ना गाडीत, वरनं जाणारी. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. भिमा खाली झोपलेला. दोरीला हात कुणाचा नाही. त्यानं घोंगड्याच्या फटीतनं बघितलं. दोरी ताणली गेली.

टण.

टण.

दोनदा. चला.

आणि सीटखालच्या पेटीत, कुलपाच्या आत, मशीन सुरू झालं. किर्र… तिकीट निघताना होतो तो आवाज. सहा वर्षं रोज ऐकलेला. किर्र… आणि कागद फाडल्याचा.

टपावरचं वजन उठलं. गाडी परत इतकीशी हलली.

मग काही नाही.

*

"सकाळी?" ह्यांनी विचारलं.

"सकाळी उंबरावर कावळेच कावळे," आबा म्हणाले. "गाडी पयल्या किल्लीला चालू झाली. भोर सात पंचवीस."

"आणि ज्ञानू?"

"हाय की. सरपंच झाला मधी. गेल्या साली घर बांधलं, स्लॅबचं. आढंच न्हाई ठेवलं."

"पण रत्ना?" हे मी विचारलं. सहा महिन्यांत आबांना मी आपण होऊन विचारलेली ही पहिली गोष्ट असावी. त्यांनी अंधारात माझ्या दिशेला मान वळवली.

"दोन वर्सांनी भेटली भिमाला. स्टँडवरच. नवरा, पोरगं संगं हुतं. तिनं ओळखलं त्याला. म्हनाली, दादा, तुमीच ना त्या दिवशी? नुसती गाडी रद्द झाली, न्हाईतर आई भेटली असती मला. रातभर बाकड्यावर बसले. सकाळी स्टँडच्या फाटकापाशी कुनाकडनं तरी कळलं, गेली म्हनून. तशीच माघारी फिरले." आबांनी सुपारीचा चुरा मांडीवरून झटकला. "भिमाचं तोंड बघून तिला काय वाटलं कुनास ठाऊक. तीच म्हनाली, तुमी कशाला वाईट वाटून घेता, दादा. तुमचा काय दोस. आपल्या पोराच्या हातातला खाऊ काढून निम्मा भिमाला दिला तिनं. त्यानं खाल्ला."

"सांगितलं नाही?"

"तिला आजपन वाटतं गाडी रद्द हुती."

आत सासूबाईंनी कूस बदलल्याचा आवाज आला. त्या जाग्या होत्या, मला वाटतं सुरुवातीपासून. या घरात ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली जात होती की नव्हती, हे मला अजून ठरवता येत नाही.

"आणि पेटीत?" प्रेरणा म्हणाली. "पेटीत काय होतं मग?"

आबांनी बंडीच्या आतल्या खिशातनं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, एस.टी.च्या पासाला असतं तसलं. त्यातनं एक कागद काढून मध्ये धरला. कुणाच्या हातात द्यावा हे त्यांना समजेना असं वाटलं, मग माझ्या हातात दिला.

"भिमानं ठेवायला दिलंय."

"भिमा असतो कुठं आता?" ह्यांनी विचारलं.

"हितंच असतो," आबा म्हणाले. "कुठंतरी."

मी मोबाईलची बॅटरी लावली. मशीनचं तिकीट, बोटभर रुंद.

"हा कागद टिकत न्हाई," आबा सांगत होते, कंडक्टरच्या रोजच्या आवाजात. "ऊन लागलं की कोरा पडतो. सावलीत ठेवला तरी वर्सात अक्षर उडतं. किती पॅसेंजर भांडायचे आमच्याशी. सात वर्सं झाली आज… ह्यो उडत न्हाई. म्या पान्यात घालून बघितला. चुलीवर धरून बघितला."

या वेळी त्यांनी 'म्या' म्हटलेलं दुरुस्त केलं नाही.

हिर्डोशी ते भोर. ज्येष्ठ नागरिक, एक. तारीख ०९/१२/२०१८. वेळ ०२:४०. अक्षरं आत्ता छापल्यासारखी काळी. बोटानं घासलं तर लागतील अशी.

"बघू, वहिनी," म्हणत प्रेरणा माझ्या खांद्यावरनं वाकली. हेही वाकले. सगळ्यात खालच्या ओळीत कंडक्टरचा नंबर होता, त्यावर मी अंगठा ठेवला, आणि बॅटरी विझेपर्यंत काढला नाही. पाच आकडी नंबर. तो वाचायला मला उजेड लागत नाही. रोज सकाळी, देवांचं झालं की, मी तो चिंचेनं घासते.